थांबलेल्या यंत्राचा धोका : सेफ्टी व्हॉल्व्हपासून गॅस प्रेशर स्विचपर्यंत

१/
सप्टेंबर १८०३. लंडनच्या पूर्वेस, थेम्स नदीकाठी ग्रिनिच येथे एका गिरणीच्या पायाचे काम चालू होते. पायात साचणारे पाणी उपसण्यासाठी रिचर्ड ट्रेविथिक या कॉर्नवॉलच्या अभियंत्याने घडवलेले वाफेचे इंजिन तेथे बसवले होते. इंजिनाची राखण एका पोरसवदा मुलाकडे होती. त्या दिवशी तो मुलगा पायाच्या खड्ड्यात वाम मासे पकडायला उतरला आणि जाताना इंजिन एका मजुरावर सोपवून गेला.

२/
मजुराला इंजिन नेहमीपेक्षा फार वेगाने धावताना दिसले. त्याने ते थांबवले. आपण शहाणपणाचेच काम केले, असे त्याला वाटले असणार. पण वाफेच्या झडपेचा दांडा एका पान्याने दाबून ठेवलेला होता आणि तो पाना त्याने काढला नाही. इंजिन थोडा वेळ गप्प उभे राहिले आणि मग बॉयलर फुटला. तिघे जागीच ठार झाले, चौथा पुढे जखमांनी गेला. ही हकीकत स्वतः ट्रेविथिकने आपल्या पत्रात लिहून ठेवली आहे.

३/
मित्रहो, या प्रसंगातील एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. इंजिन धावत असताना बॉयलर फुटला नाही. ते थांबवल्यानंतर फुटला.

आजच्या धाग्यात आपण याच एका धाग्याचे टोक धरून दोनशे वर्षांचा प्रवास करणार आहोत. शेवटी पोहोचणार आहोत ते आजच्या गॅसवर चालणाऱ्या बॉयलरपाशी, त्याच्या पॅनेलवर पेटलेल्या लाल दिव्यापाशी आणि तो दिवा विझवायला आलेल्या तंत्रज्ञापाशी.

४/
प्रारंभ मात्र स्वयंपाकघरातून करावा लागतो. दनी पापँ हा फ्रेंच ह्यूगनॉट वैद्यकाचा पदवीधर. पॅरिसमध्ये हायगन्सचा आणि लंडनमध्ये रॉबर्ट बॉइलचा साहाय्यक. १६७९ साली त्याने रॉयल सोसायटीपुढे एक बंद भांडे मांडले. झाकण घट्ट आवळलेल्या त्या भांड्यात वाफेचा दाब वाढे, पाणी नेहमीपेक्षा अधिक तापमानाला उकळे आणि हाडेसुद्धा शिजून मऊ होत. १६८२ च्या एप्रिलमध्ये सोसायटीच्या सभासदांना या भांड्यात शिजवलेले जेवण वाढण्यात आले. रोजनिशीकार जॉन एव्हलिन त्या पंगतीला होता. गोमांसाची टणक हाडे चीजइतकी मऊ झाल्याचे त्याने कौतुकाने नोंदवले आहे.

आपल्या ओट्यावरचा कुकर हा या भांड्याचा थेट वंशज होय.

५/
बंद भांड्यात वाफ कोंडायची म्हणजे ते फुटण्याची भीती आलीच. पापँने त्यावर जी युक्ती योजली, ती पुढे दोन शतके यंत्रयुगाची राखणदार ठरली. झाकणाला एक छोटे भोक, त्यावर बसणारी झडप आणि झडपेवर तराजूच्या दांडीसारखा एक आडवा दांडा. दांड्याच्या टोकाला वजन. आतला दाब वजनावर मात करू लागला की झडप आपोआप उचलली जाई आणि जादा वाफ बाहेर पडे.

वजन दांड्यावर पुढेमागे सरकवले की झडप किती दाबाला उघडेल, हे बदलता येई. सोय मोठी होती. पण जे वजन शास्त्रज्ञाला सरकवता येते, ते घाईत असलेल्या कोणालाही सरकवता येते. आणि वजन अपुरे वाटले तर त्याशेजारी वीट टांगता येते.

६/
अठराव्या शतकात हा धोका फारसा जाणवला नाही. न्यूकॉमेनचे इंजिन काय किंवा जेम्स वॉटचे काय, दोन्ही वाफ थंड करून निर्माण होणाऱ्या पोकळीवर चालत. बॉयलरमधील दाब बाहेरच्या हवेपेक्षा थोडासाच अधिक असे. उच्च दाबाची वाफ वॉटला धोक्याची वाटे आणि तो तिच्या विरोधात होता. १८०० साली त्याच्या पेटंटची मुदत संपली आणि ट्रेविथिकसारख्यांना रान मोकळे झाले. उच्च दाबामुळे इंजिन लहान झाले, हलके झाले, चाकांवर चढले. ग्रिनिचचा अपघात घडला तो या नव्या पर्वाच्या अगदी उंबरठ्यावर.

७/
आता मघाचा प्रश्न. थांबलेले इंजिन का फुटले?

इंजिन चालू असते तेव्हा बॉयलरमध्ये तयार होणारी वाफ सिलिंडरमध्ये खर्ची पडत असते. इंजिन थांबले की खर्च थांबतो. चुलीतला जाळ मात्र तसाच राहतो. वाफ तयार होत राहते आणि तिला जायला जागा नसते. अशा वेळी सुटकेची वाट एकच, ती म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह. ग्रिनिचला नेमकी तीच वाट पान्याने अडवलेली होती. इंजिन थांबवले म्हणजे धोका थांबवला, हा त्या मजुराचा समज स्वाभाविक होता, पण वस्तुस्थिती त्याच्या उलट होती.

८/
ट्रेविथिकच्या प्रतिस्पर्ध्यांनी या अपघाताचे भांडवल केले. उच्च दाबाची वाफ वापरात आणल्याबद्दल हा मनुष्य फाशीच्या लायकीचा आहे, असे वॉट म्हणाल्याचे ट्रेविथिकनेच लिहिले आहे. ट्रेविथिकने मात्र वाद घालण्यापेक्षा रचना बदलली. त्यानंतरच्या बॉयलरांवर त्याने दोन झडपा ठेवल्या आणि त्यांपैकी एक चालकाच्या हाताला लागू नये अशी तजवीज केली. शिवाय चुलीच्या माथ्यावर शिशाचा बूच बसवला. पाणी कमी होऊन तो भाग उघडा पडला की शिसे वितळे आणि त्या भोकातून सुटलेली वाफ चुलीत शिरून जाळ विझवी.

मला ही दुसरी झडप फार महत्त्वाची वाटते. मुलाला किंवा मजुराला दोष देऊन ट्रेविथिक मोकळा होऊ शकला असता. त्याने असे गृहीत धरले की झडप दाबणारा कोणीतरी उद्याही असणार.

९/
तो निघालाच. १७ जून १८३१, अमेरिकेतील साउथ कॅरोलायना. ‘बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्सटन’ हे तेथील पहिले वाफेचे रेल्वे इंजिन डबे जोडण्यासाठी थांबले होते. थांबल्यामुळे झडपेतून वाफ सूं सूं करीत सुटू लागली. त्या आवाजाला कंटाळून फायरमनने झडपेचा दांडा दाबून धरला. आवाज बंद झाला आणि काही वेळातच बॉयलर फुटला. फायरमन त्या अपघातात मरण पावला.

येथेही यंत्र थांबलेलेच होते, हे ध्यानात घ्यावे.

१०/
या अपघातानंतर रेल्वे कंपनीने इंजिन आणि प्रवाशांचे डबे यांच्यामध्ये कापसाच्या गाठी लादलेला एक डबा जोडायला सुरुवात केली. हेतू इतकाच की पुन्हा बॉयलर फुटला तर मार कापसाने झेलावा. उपाय वाचून हसू येते. पण त्या काळी प्रवाशांना पुन्हा गाडीत बसवायचे तर दिसेल असे काहीतरी करणे भागच होते.

११/
रेल्वेपेक्षा भयंकर अवस्था अमेरिकेच्या नद्यांवर होती. ओहायो आणि मिसिसिपी नद्यांवरील आगबोटींमध्ये वेगाची चढाओढ चाले. २५ एप्रिल १८३८ रोजी ‘मोझेल’ ही नवी कोरी आगबोट सिनसिनाटी शहरालगत काही प्रवासी घेण्यासाठी काठाला लागली. कप्तानाला शहरासमोरून बोट भरधाव न्यायची होती. म्हणून बोट उभी असतानाही त्याने वाफ सोडू दिली नाही, कोंडून ठेवली. प्रवासी चढले, चाकांनी जेमतेम फिरायला सुरुवात केली आणि बॉयलर एकाच वेळी फुटले. दीडशेच्या आसपास माणसे मेली. कप्तानही वाचला नाही.

१२/
आता एक गमतीशीर, खरे तर खेदजनक, प्रकरण. इतके बॉयलर फुटत होते तरी ते का फुटतात याविषयी जाणत्यांतही एकमत नव्हते. अनेकांची अशी श्रद्धा होती की तापलेल्या लोखंडावर पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन वायू तयार होतो आणि तो पेट घेतो. दाब हळूहळू वाढला तर पत्रा फक्त उसवेल, धडाका होणार नाही, असाही एक समज होता. या दोन्ही समजुतींचा व्यवहारातला अर्थ भयानक होता, कारण दाब वाढू दिला तरी चालते, अशी मुभा त्यांतून मिळत होती.

१३/
फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने १८३० पासून हा प्रश्न हाती घेतला. अलेक्झांडर डॅलस बेश हा त्या मंडळाचा प्रमुख. प्रयोगांसाठी अमेरिकी सरकारच्या कोषागाराने पैसे दिले. तांत्रिक संशोधनाला त्या सरकारने दिलेले हे पहिले अनुदान मानले जाते. आत काय चालते ते दिसावे म्हणून प्रयोगाच्या छोट्या बॉयलरला जाड काचेच्या खिडक्या बसवल्या होत्या. १८३६ पर्यंत निष्कर्ष हाती आले. हायड्रोजनची कल्पना निराधार ठरली. हळूहळू वाढलेला दाबही बॉयलरच्या चिंध्या उडवू शकतो, हे मुद्दाम बॉयलर फोडून दाखवण्यात आले.

१४/
या अहवालातील आणखी एक निष्कर्ष आपल्या विषयाला फार जवळचा आहे. ठरावीक तापमानाला वितळणारे मिश्रधातूचे बूच त्या काळी सुरक्षेचा हमखास उपाय मानले जात. प्रयोगांत दिसले की दीर्घकाळ दाबाखाली राहिल्यावर मिश्रधातूतील लवकर वितळणारा भाग आधीच पिळून बाहेर निघतो आणि उरलेला बूच ठरल्या तापमानाला वितळत नाही.

म्हणजे राखणदारही खोटे बोलू शकतो. झडप गंजून चिकटते, बूच बिघडतो. हे सत्य नाकारता येत नाही, आणि पुढच्या साऱ्या पेचाचे मूळ येथेच आहे. इशारा देणारे साधन कधी खरे बोलते आहे आणि कधी खोटे, हे तपासायचे कसे?

१५/
मोझेलच्या दुर्घटनेनंतर अवघ्या अडीच महिन्यांत, जुलै १८३८ मध्ये, अमेरिकी काँग्रेसने आगबोटींचा कायदा केला. कायदा एकंदरीत दुबळाच होता. तपासनिसांना निश्चित मापदंड दिलेले नव्हते. पण त्यात एक कलम असे आहे की ते वाचताना ग्रिनिचचा मजूर डोळ्यांसमोर उभा राहतो. बोट कोणत्याही कारणाने थांबली की कप्तानाने सेफ्टी व्हॉल्व्ह उघडावा आणि बोट चालत असताना वाफेचा जो दाब असतो, शक्य तितका तोच राखावा; न केल्यास दोनशे डॉलर दंड.

थांबलेले यंत्र धोक्याचे असते, ही गोष्ट पस्तीस वर्षांनी कायद्याच्या पुस्तकात आली.

१६/
१८५२ च्या सुधारित कायद्याने पुढचे पाऊल टाकले. बॉयलरची पाण्याच्या दाबाने चाचणी, इंजिन चालवणाऱ्यांना परवाने, आणि बोटीवरील कोणाच्याही हाती लागणार नाही अशी एक कुलूपबंद झडप. ट्रेविथिकची दुसरी झडप आता सरकारी किल्लीने बंद झाली.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये जॉन रॅम्सबॉटम या रेल्वे अभियंत्याने कुलपाविना तोच हेतू साधला. त्याने दोन झडपा शेजारीशेजारी बसवल्या आणि दोहोंना एकाच दांड्याने व मधल्या एकाच स्प्रिंगने आवळले. दांडा चालकाच्या हाताशी होता. पण त्याने एक झडप दाबायला दांडा खाली ढकलला की दुसरीवरचा ताण सैल होई आणि ती उघडे. वर उचलला तर उलट. मोह होणाऱ्या माणसाला मोहाचा उपयोगच होऊ द्यायचा नाही, अशी ही रचना. अभियांत्रिकीच्या इतिहासात इतकी चतुर आणि इतकी साधी युक्ती विरळा.

१७/
मॅंचेस्टरमध्ये विल्यम फेअरबेर्न आदी मंडळींनी १८५४ च्या सुमारास बॉयलर-स्फोट टाळण्यासाठी कारखानदारांची संस्था उभारली आणि सभासदांच्या बॉयलरांची नियमित तपासणी सुरू केली. दाबमापक आता विश्वासार्ह झाला होता. युजेन बूर्दों या फ्रेंच कारागिराने १८४९ मध्ये वाकवलेल्या चपट्या नळीचा दाबमापक काढला होता आणि तत्त्व तेच आजही घड्याळासारख्या त्या गोल तबकडीमागे दडलेले असते. ब्रिटिश संसदेने १८८२ साली प्रत्येक बॉयलर-स्फोटाची अधिकृत चौकशी बंधनकारक केली.

अमेरिकेत मात्र जमिनीवरच्या बॉयलरांना शिस्त लागायला विसावे शतक उजाडावे लागले. १९०५ साली मॅसॅच्युसेट्समधील ब्रॉक्टन येथे बुटांच्या कारखान्यात बॉयलर फुटून ५८ जण मेले. त्यातून आधी त्या राज्याचे नियम आले आणि पुढे यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेची प्रसिद्ध बॉयलर संहिता तयार झाली.

१८/
आणि आपल्याकडे? हिंदुस्थानात कायदा आला तोही स्फोटामागूनच. १८६३ मध्ये कोलकात्यात बॉयलर फुटून जीवितहानी झाली आणि पुढच्याच वर्षी बंगालने त्या शहरापुरता तपासणीचा कायदा केला. मुंबईची पहिली कापड गिरणी त्याच्या आधी काही वर्षे, १८५६ मध्ये, सुरू झाली होती आणि गिरणगावाच्या धुराड्यांची संख्या वाढत होती. मुंबई इलाख्यासह एकेका प्रांताने आपापले कायदे केले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत देशात सात निरनिराळे कायदे आणि सात नियमावल्या झाल्या. हा गोंधळ १९२३ च्या इंडियन बॉयलर्स ॲक्टने संपवला. सेफ्टी व्हॉल्व्हशी छेडछाड करून तो निकामी करणे, हा त्या कायद्यात वेगळा नमूद केलेला गुन्हा होता. महाराष्ट्रात बॉयलरांची तपासणी करणाऱ्या सरकारी खात्याचे नाव बाष्पके संचालनालय असे आहे. १९२३ चा कायदा शंभर वर्षांहून अधिक काळ टिकला. २०२५ मध्ये नव्या कायद्याने त्याची जागा घेतली.

१९/
इथपर्यंतची कहाणी वाफेच्या दाबाची झाली. विसाव्या शतकात बॉयलरच्या चुलीतला कोळसा हळूहळू मागे पडला आणि तेथे गॅसचा बर्नर आला. धोक्याने आपली जागा बदलली.

कोळशाचा जाळ एका क्षणात विझत नाही आणि विझला तरी कोळसा निपचित पडून राहतो. गॅसचे तसे नाही. ज्योत विझली आणि गॅस येत राहिला, तर तो भट्टीत साचतो. हवेत नैसर्गिक गॅसचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान आले की एक ठिणगी पुरते. मग बॉयलरमधील पाण्याच्या बाजूला दाब अगदी योग्य असतानाही भट्टीच्या बाजूने स्फोट होतो. पापँची झडप येथे काहीच करू शकत नाही.

२०/
म्हणून नवा राखणदार लागला आणि त्याला वाफेऐवजी गॅसच्या दाबावर पाळत ठेवायची होती. हे काम किती नाजूक असेल याची कल्पना आकड्यांवरून येते. कारखान्यातल्या बॉयलरची वाफ सहज ७ ते १० बार दाबाची असते. घरगुती नैसर्गिक गॅसचा दाब असतो सुमारे २० मिलिबार, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा पन्नासावा भाग. पाण्याने भरलेल्या काचेच्या वक्रनळीत हा दाब पाणी जेमतेम २० सेंटिमीटर उचलतो. आपण तोंडाने जोरात फुंकले तरी याहून अधिक दाब निर्माण होतो. मोठ्या बर्नरांचा गॅस याहून अधिक दाबाने येतो, पण वाफेपुढे तोही किरकोळच. अशा फुंकरीवर नजर ठेवण्यासाठी लोखंडी झडप आणि वजन कुचकामाचे.

२१/
गॅस प्रेशर स्विच म्हणजे एक पातळ पडदा, त्यामागे स्प्रिंग आणि पुढे विजेचा लहानसा संपर्क. पडद्याच्या एका बाजूला गॅस, दुसऱ्या बाजूला एका बारीक भोकातून येणारी बाहेरची हवा. दाब बदलला की पडदा किंचित हलतो आणि संपर्क तुटतो. पूर्वी यासाठी पाऱ्याने भरलेली कलती काचनळी वापरीत. १९३० च्या दशकात अमेरिकेत झटक्याने उघडमीट करणारा सूक्ष्म स्विच प्रचारात आला. संथपणे दूर होणाऱ्या संपर्कात ठिणगी रेंगाळते आणि तो जळतो. झटक्याने सुटणाऱ्यात तसे होत नाही. शिवाय केसभर हालचालीतही त्याचा निर्णय पक्का असतो.

२२/
एका बर्नरला असे दोन स्विच असतात. कमी दाबाचा स्विच मुख्य गॅस झडपांच्या अलीकडे; गॅस अपुरा पडला तर ज्योत डळमळते, मागे सरकते किंवा विझते, म्हणून तो बर्नर बंद करतो. जास्त दाबाचा स्विच झडपांच्या पलीकडे, बर्नरच्या बाजूला. गॅस वाजवीपेक्षा अधिक आला तर हवा अपुरी पडते, ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, म्हणून तोही बर्नर बंद करतो. हे दोघे, पाण्याच्या पातळीचा स्विच, वाफेच्या दाबाचा स्विच असे सगळे विजेच्या एकाच साखळीत ओवलेले असतात. एक कडी तुटली की गॅसच्या झडपा मिटतात.

रॅम्सबॉटमची युक्ती आता तारेत उतरली होती. फरक एवढाच की तारेला बगल देणे लोखंडी दांडा दाबण्याहून सोपे असते.

२३/
आता या साखळीपुढे उभ्या राहिलेल्या तंत्रज्ञाकडे येऊ. एखाद्या रुग्णालयाचा किंवा धुलाईकेंद्राचा बॉयलर आहे असे समजा. रात्री बंद होता. सकाळी सुरू करताना पंखा काही वेळ भट्टी वारा घालून साफ करतो, पायलट पेटतो, मुख्य झडप उघडते आणि त्याच क्षणी सारे बंद. दिवा सांगतो : गॅसचा दाब जास्त. तंत्रज्ञ येतो, रीसेट दाबतो, बॉयलर बिनतक्रार चालतो. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. दिवसभर काहीच नाही, फक्त पहाटेच त्रास. साहजिकच संशय येतो तो स्विचवर : हा उगाचच ट्रिप होतो आहे.

२४/
येथे ग्रिनिचची आठवण ठेवावी. रात्रभर बर्नर थांबलेला होता.

गॅसच्या नळीवर रेग्युलेटर असतो. आपल्या सिलिंडरवर असतो त्याचाच मोठा भाऊ. गॅस वाहत असताना तो दाब स्थिर राखतो. वाहणे थांबले की त्याने पूर्ण मिटायला हवे. त्याच्या बैठकीवर कचऱ्याचा एखादा कण अडकला असेल तर तो पुरता मिटत नाही. पुरवठ्याकडचा चढा दाब त्या फटीतून रात्रभर थेंबाथेंबाने पुढे झिरपतो आणि मुख्य झडपेपाठी साठत जातो. सकाळी झडप उघडली की तो साठलेला दाब एकदम बर्नरकडे धावतो आणि स्विच त्याला अडवतो. बॉयलर दिवसभर चालू असताना गॅस वाहत असतो, म्हणून दाब ठीक असतो. खर्च थांबला, पुरवठा चालू राहिला आणि दाब चढला. १८०३ साली वाफेचे जे झाले, तेच येथे गॅसचे.

२५/
हे ओळखायचे कसे? जुन्या पठडीतला जाणता तंत्रज्ञ स्विचला हात लावण्याआधी रेग्युलेटरच्या पुढे दाबमापक जोडतो आणि बर्नर बंद ठेवून नुसता बघत बसतो. काटा स्थिर राहिला तर रेग्युलेटर निर्दोष. काटा हळूहळू वर सरकू लागला तर स्विच पहिल्या दिवसापासून खरे बोलत होता. मग बर्नर चालू करून दुसरे वाचन घ्यायचे. थांबलेल्या स्थितीतला दाब आणि वाहत्या गॅसचा दाब ही दोन वाचने शेजारीशेजारी लिहिल्याशिवाय निदान होत नाही.

कमी दाबाच्या स्विचचे प्रकरण याच्या उलट. तेथे थांबलेल्या स्थितीत दाब उत्तम दिसतो आणि ज्योत मोठी होऊ लागताच कोसळतो. गाळणी तुंबलेली, नळी अपुरी किंवा रेग्युलेटर लहान. बंद बर्नरवर दाब पाहून ‘गॅस व्यवस्थित आहे’ म्हणणारा येथे फसतो.

२६/
स्विच खोटा असूच शकत नाही, असे मात्र नव्हे. पडद्यामागे हवा यायचे ते बारीक भोक धूळ, पाणी किंवा किड्याचे घर यांनी बुजते आणि पडदा धड हलत नाही. स्प्रिंग थकते. संपर्क काळवंडतात. पडदाच फाटला तर भोकातून गॅस बाहेर येतो; ते तर लगेच बंद करण्याचे कारण. म्हणून एका हाती दाबमापक आणि दुसऱ्या हाती मल्टिमीटर, अशी जोडी लागते. दाब हळूहळू बदलायचा आणि नेमक्या किती दाबाला संपर्क तुटतो ते पाहायचे. ठरल्या आकड्याला तुटला तर साक्ष खरी. वेगळ्याच आकड्याला तुटला तर स्विच बदलायचा, आणि तोही त्याच मापाचा. फ्रँकलिन इन्स्टिट्यूटच्या मंडळाने वितळणाऱ्या बुचाची केली होती तीच ही उलटतपासणी.

२७/
आणि तिसरी वाट? तीही सांगायला हवी, कारण ती वापरात आहे. स्विचच्या दोन टोकांना वायरचा एक तुकडा जोडायचा. साखळी पूर्ण होते, दिवा विझतो, बॉयलर सुरू होतो. तपासणीपुरती जोडलेली ती तार काम उरकण्याच्या घाईत तशीच राहून जाते. वरच्या साहेबाला वाफ हवी असते, धुलाई खोळंबलेली असते, रुग्णालयात गरम पाण्याची ओरड असते. झडप दाबणाऱ्या फायरमनची जी गत, तीच या तंत्रज्ञाची. दोघांनाही बेफिकीर म्हणून निकालात काढणे सोपे आहे. ‘बेस्ट फ्रेंड’च्या फायरमनला निदान आवाज तरी ऐकू येत होता, तार जोडलेला स्विच काहीच आवाज करीत नाही.

२८/
१ फेब्रुवारी १९९९. मिशिगन राज्यात डिअरबॉर्न येथील फोर्डच्या रिव्हर रूज संकुलातील वीजगृह. सहा क्रमांकाचा बॉयलर वार्षिक देखभालीसाठी बंद केला जात होता. बंद करण्याच्या त्या कामात नैसर्गिक गॅस भट्टीत शिरत राहिला, साचला आणि पेटला. स्फोटाने उडालेल्या कोळशाच्या भुकटीने दुसरा भडका उडाला. सहा कामगार मृत्युमुखी पडले, त्यांपैकी बहुतेक नंतरच्या दिवसांत भाजल्याच्या जखमांनी. अनेक जण गंभीर जखमी झाले.

येथे कोणी झडप दाबली नव्हती किंवा तार जोडली नव्हती. बॉयलर बंद होत आहे, एवढेच काय ते साम्य. ट्रेविथिकच्या पत्रापासून १९५ वर्षे उलटली होती.

२९/
शेवटी एक छोटा तपशील. पुष्कळशा गॅस प्रेशर स्विचांना पारदर्शक टोपीखाली एक रीसेटचे बटण असते. दाब पूर्ववत झाला तरी स्विच आपणहून जोडला जात नाही. कोणीतरी बोटाने ते दाबावे लागते. आणि ते असते बर्नरजवळच्या नळीवर, स्विचच्याच अंगावर. दूरच्या नियंत्रण कक्षातील खुर्चीवरून ते दाबता येत नाही. माणसाला उठावे लागते, बॉयलरपाशी चालत जावे लागते, दाबमापकाच्या तबकडीसमोर उभे राहावे लागते. तेथे गॅसचा वास येत असेल तर तो नाकाला कळतो, आणि भट्टीच्या झरोक्याला डोळा लावून आत पाहता येते.